खेळणाऱ्याच्या शेजारी

सांगलीच्या गावभागातल्या आमच्या घरी टीव्ही एकच होता आणि तो आजीचा होता. विकत वडिलांनी घेतला होता, पावती त्यांच्या नावाची होती, तरीही दिवेलागणीनंतर तो कुणी लावायचा आणि कधी बंद करायचा हे आजी ठरवत असे. त्यामुळे १९९५ च्या दिवाळीत, मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडतीवर दिवाणजी असलेल्या माझ्या वडिलांनी बोनसच्या पैशांतून आम्हां भावंडांसाठी टीव्ही गेम आणला, तेव्हा तो जोडण्याआधी आजीची परवानगी घ्यावी लागली. तिने एकच अट घातली. "खेळा की, पण मी हितंच बसणार."

ती बसली, आणि पुढची चार-पाच वर्षे बसत राहिली. या यंत्रांच्या इतिहासाविषयी मी गेली वीस वर्षे मिळेल ते वाचत आलो आहे. त्यांची तुलना बहुधा प्रोसेसर किती बिटांचा, रंग किती, विक्री किती कोटींची, या मापांनी केली जाते. ही मापे मलाही आवडतात. परंतु टीव्हीला जोडायचे यंत्र आणि हातात धरायचे यंत्र यांच्यातला खरा भेद मला त्या आकड्यांतून उमगला नाही. तो आजीच्या अटीतून उमगला. एका यंत्रासमोर न खेळणाऱ्या माणसालाही बसायला जागा असते आणि दुसऱ्यासमोर ती नसते. पन्नास वर्षांचा हा इतिहास मी त्या न खेळणाऱ्या माणसाच्या जागेवरून वाचतो.

टीव्हीला जोडायच्या यंत्राची कल्पना राल्फ बेअर या अभियंत्याची. १९२२ साली जर्मनीत जन्मलेला हा ज्यू मुलगा १९३८ साली कुटुंबासह देश सोडून अमेरिकेत आला आणि पुढे लष्करी उपकरणे बनवणाऱ्या एका कंपनीत काम करू लागला. अमेरिकेत घरोघरी टीव्ही आलेला आहे, मग प्रक्षेपण पाहण्याखेरीज त्याचा दुसरा काही उपयोग का होऊ नये, असा प्रश्न त्याला पडला आणि १ सप्टेंबर १९६६ रोजी त्याने त्यावर चार पानांचे टिपण लिहून काढले. त्यातून १९७२ साली मॅग्नाव्हॉक्स कंपनीचे ऑडिसी हे यंत्र बाजारात आले. त्याला आवाज नव्हता, रंग नव्हते. काळ्या पडद्यावर पांढरे ठिपके आणि एक उभी रेघ एवढेच ते दाखवू शकत असे. मैदान, जाळे, घर, चक्रव्यूह असे काही दिसावे म्हणून रंगीत छपाईचे पारदर्शक प्लास्टिक टीव्हीच्या काचेवर चिकटवायचे. खोक्यात फासे होते, पत्ते होते, खेळण्यातल्या नोटा होत्या. गुण मोजणे त्या यंत्राला येत नसे, ते शेजारी बसलेल्यांनी कागदावर लिहून ठेवायचे. हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मला फार आनंद झाला, कारण सोंगट्यांच्या पटाभोवती जशी माणसे बसतात तशी ती इथेही बसतील हे निर्मात्यांनी गृहीतच धरले होते. पहिल्याच यंत्रात प्रेक्षकाला काम दिलेले होते.

पुढची दहा वर्षे मी भराभर ओलांडतो. १९७६ साली फेअरचाइल्ड कंपनीच्या चॅनेल एफ या यंत्रात, जेरी लॉसन यांच्या देखरेखीखाली, खेळ यंत्रापासून वेगळा होऊन बदलता येणाऱ्या कार्ट्रिजमध्ये आला. १९७७ साली अटारीचे यंत्र आले, ज्याची स्मरणशक्ती अवघी १२८ बाइट होती. या परिच्छेदातली दोन-तीन वाक्येसुद्धा तिच्यात मावणार नाहीत. १९८३ साली वाईट खेळांच्या सुळसुळाटामुळे अमेरिकेतला हा सगळा धंदा कोसळला. आणि त्याच वर्षी, १५ जुलै १९८३ रोजी, जपानच्या निन्टेन्डो कंपनीने फॅमिकॉम नावाचे लाल-पांढरे यंत्र १४,८०० येनला विकायला काढले. अमेरिकेत ते १९८५ साली एनईएस या नावाने, वेगळ्या पेटीत गेले. दोन्ही रूपे मिळून त्याची विक्री सहा कोटींच्या वर गेली, पण त्या हिशेबात आमच्या घरचे यंत्र येत नाही.

आमचे यंत्र फॅमिकॉमची नक्कल होते. नव्वदच्या दशकात भारतातल्या गल्लीबोळांत जे टीव्ही गेम पोहोचले, त्यांतले बहुतेक असेच होते. सांगलीच्या दुकानदाराला ते माहीत होते की नाही, मला सांगता येणार नाही. आम्हांला तर निन्टेन्डो हा शब्दच ठाऊक नव्हता. आमच्या लेखी तो टीव्ही गेम होता, कार्ट्रिजला कॅसेट म्हणत, आणि हातात धरायच्या वायरवाल्या पट्टीला रिमोट. अँटेनाची वायर काढून तिथे गेमची वायर लावायची आणि मुंग्यांनी भरलेल्या पडद्यावर चित्र स्थिर होईपर्यंत चॅनेलचा स्क्रू हळूहळू फिरवायचा. कॅसेट लागली नाही की तिच्या तळाशी फुंकर मारायची. साठ पिना असलेल्या त्या पट्टीवर फुंकर मारल्याने प्रत्यक्षात तोंडातला दमटपणा बसतो आणि कालांतराने धातू गंजतो. कॅसेट चालायची ती काढून पुन्हा नीट बसवल्यामुळे. हे मला फार उशिरा कळले. मात्र तेव्हा फुंकर मारण्याचा मान कुणाचा, यावर आमच्यात भांडणे होत आणि आजी ती पाळीपाळीने सोडवत असे.

आजीला सर्वांत प्रिय होता तो बदकांचा खेळ. प्लास्टिकची बंदूक टीव्हीवर रोखायची, चाप ओढायचा आणि उडणारे बदक पडायचे. ही बंदूक कशी चालते हे समजायला मला पुढे बरीच वर्षे लागली, आणि समजले तेव्हा तिच्याविषयीचा आदर वाढला. बंदुकीतून पडद्याकडे काहीच जात नाही. ती पडद्यावरचा प्रकाश आत घेते. चाप ओढताक्षणी सगळा पडदा क्षणभर काळा होतो आणि पुढच्याच क्षणी बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. नळीच्या टोकाशी बसवलेल्या प्रकाशसंवेदकाला आधी अंधार आणि लगेच उजेड दिसला तर नेम बरोबर. हे सारे डोळ्याला नीटसे कळण्याआधी संपते. जुन्या, मोठ्या पाठीच्या टीव्हीत इलेक्ट्रॉनचा झोत चित्र त्या त्या क्षणी रंगवत असे, म्हणून हे जमायचे; आजच्या सपाट टीव्हीवर चित्र उमटायला किंचित उशीर होतो आणि तेवढ्याने ती बंदूक आंधळी होते. आजीला मात्र तो काळा-पांढरा लखलखाट बरोबर दिसत असे. "इजेसारखं काय चमकतंय गं ते?" असे तिने माझ्या बहिणीला विचारलेले मला स्पष्ट आठवते. आम्ही खेळण्यात गुंतलेलो होतो, आम्हांला तो दिसत नव्हता. बाजूला बसलेल्या माणसाला खेळातले जे दिसते ते खेळणाऱ्याला दिसत नाही, आणि माझ्या मते घरच्या यंत्राचे निम्मे सुख त्यातच आहे.

त्या बंदुकीच्या मागे दोन माणसे आहेत आणि त्यांच्यापासून या इतिहासाच्या दोन वाटा फुटतात, म्हणून थोडे थांबतो. निन्टेन्डो ही मुळात १८८९ साली क्योतो शहरात पत्ते बनवण्यासाठी निघालेली कंपनी. गुन्पेइ योकोइ हा तरुण १९६५ साली तिथे लागला तो पत्त्यांच्या कारखान्यातल्या यंत्रांची देखभाल करण्यासाठी. फावल्या वेळात त्याने बनवलेला, लांबची वस्तू पकडणारा प्लास्टिकचा हात मालकांनी पाहिला, तो खेळणे म्हणून विकला आणि योकोइला खेळणी बनवण्याच्या कामावर आणले. मासायुकी उएमुरा तेव्हा शार्प कंपनीत होता आणि सूर्यप्रकाशावर चालणारे सेल विकायला निन्टेन्डोत येत असे. त्या सेलचा उपयोग प्रकाश ओळखणाऱ्या बंदुकीसाठी करता येईल, हे या दोघांच्या बोलण्यातून निघाले आणि १९७० साली तसे खेळणे बाजारात आले. उएमुरा पुढे निन्टेन्डोत दाखल झाला आणि त्याने फॅमिकॉमची रचना केली. योकोइ दुसऱ्या वाटेने गेला आणि त्याने हातात मावणारी यंत्रे बनवली. आजीच्या आवडत्या बंदुकीपाशी ते दोघे एकत्र उभे आहेत.

योकोइची गोष्ट अशी सांगतात की, जपानच्या वेगवान रेल्वेने जाताना त्याला एक कंटाळलेला नोकरदार प्रवासी कॅल्क्युलेटरची बटणे उगाचच दाबत बसलेला दिसला. शार्प आणि कॅसिओ यांच्या स्पर्धेमुळे कॅल्क्युलेटरचे काचेचे पडदे तेव्हा अतिशय स्वस्त झालेले होते. त्या स्वस्त पडद्यांतून १९८० साली गेम अँड वॉच हे खिशात मावणारे यंत्र जन्मले. त्याच्या काचेत आकृत्या आधीच ठरलेल्या जागी बसवलेल्या असत. विजेने त्यांतली एक दिसायची, दुसरी पुसली जायची, आणि पाहणाऱ्याला हालचाल झाल्याचा भास व्हायचा. १९८२ साली याच मालिकेतल्या एका यंत्रावर योकोइने अधिकच्या चिन्हासारखे चार दिशांचे बटण बसवले, आणि दुसऱ्या वर्षी ते फॅमिकॉमच्या रिमोटवर गेले. आम्ही भांडून हातात घ्यायचो त्या रिमोटचे डावीकडचे बटण अशा रीतीने खिशातल्या यंत्राकडून आलेले होते.

योकोइच्या विचाराचे सूत्र त्याच्याच शब्दांत प्रसिद्ध आहे. त्याचा अर्थ मराठीत सांगायचा तर, नवे तंत्र गाठण्यासाठी धावू नका. जे तंत्र जुने होऊन, मुरून, स्वस्त झाले आहे त्याकडे आडव्या बाजूने पाहा आणि त्याचा वेगळा उपयोग शोधा. मुरलेल्या लोणच्याच्या देशात हे सूत्र समजायला अवघड नाही.

आमच्या वाट्याला खिशातले यंत्र आले ते आजोळी. माझे आजोळ तासगाव तालुक्यातल्या एका वस्तीवर, द्राक्षबागेच्या कडेला. तिथे वीज पाळीने येई आणि पाळी बहुधा रात्रीची असे, म्हणून मामा रात्री मोटर चालू करायला उठे आणि उन्हाळ्याच्या सुट्टीतली आमची संध्याकाळ कंदिलावर जाई. टीव्ही गेम तिथे नेण्यात अर्थ नव्हता. त्या सुट्टीत मामाने मिरजेच्या बाजारातून 'नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव खेळ' असे लिहिलेले करड्या रंगाचे एक यंत्र आणले. ते पेन्सिल सेलवर चालत असे. पडद्यावर दहा रकाने आणि वीस ओळी, म्हणजे एकूण दोनशे चौकोन. त्या दोनशे चौकोनांतूनच गाडी, साप आणि रणगाडा तयार व्हायचे. खरे खेळ बोटांवर मोजण्याइतके होते, बाकी सगळे वेग आणि पातळी बदलून वाढवलेले आकडे होते. पण त्यांतला विटा रचायचा खेळ एकटाच पुरेसा होता. तो अलेक्सी पाजित्नोव्ह या रशियन संगणकतज्ज्ञाने १९८४ साली मॉस्कोत तयार केलेल्या टेट्रिसचा भाऊ. मॉस्कोतून निघालेली ही कल्पना दहा-बारा वर्षांत तासगावच्या रानात, कंदिलाच्या उजेडात पोहोचली होती.

कंदील मुद्दाम लिहिला. वीज नसली तरी हे यंत्र चालते, हा त्याचा मोठेपणा; परंतु त्याच्या पडद्याला स्वतःचा उजेड नव्हता. अंधारात तो कोरी पाटीच असायचा. कंदिलापाशी नेऊन विशिष्ट कोनात धरला तरच विटा दिसत, आणि तो कोन एकाच माणसाच्या डोळ्यांना साधत असे. शेजारी बसलेल्या मावसभावाला काचेची चमक दिसायची, खेळ दिसायचा नाही. मग तो विचारायचा, "किती झाले?" आणि खेळणारा उत्तर द्यायचा नाही, कारण उत्तर देताना वीट चुकीच्या जागी पडते. घरी चार माणसांच्या गलक्यात खेळणारे आम्ही तिथे पहिल्यांदा एकेकटे झालो. मला ते आवडले, हेही मी इथे नोंदवून ठेवतो. गावभागातल्या भरल्या घरात स्वतःची अशी हातभर जागाही नसलेल्या मुलाला तो तळहाताएवढा पडदा पूर्णपणे स्वतःचा वाटला.

निन्टेन्डोचे हातात धरायचे यंत्र, म्हणजे खराखुरा गेम बॉय, मी १९९८ साली पाहिला. मुंबईहून आलेल्या आतेभावाकडे तो होता. योकोइच्या विभागाने बनवलेले हे यंत्र २१ एप्रिल १९८९ रोजी जपानमध्ये निघाले, म्हणजे माझ्या हातात आले तेव्हा ते नऊ वर्षांचे जुने झाले होते. आतेभाऊ त्याविषयी अपराधी स्वरात बोलत होता, कारण त्याच्या शाळेत कुणाकडे तरी सेगा कंपनीचा रंगीत गेम गिअर होता. रुंदीत १६० आणि उंचीत १४४ ठिपक्यांचा पडदा, हिरवट पिवळ्या पार्श्वभूमीवर करड्या-काळ्या छटा, त्याही चारच. आणि इथेही स्वतःचा उजेड नाही.

कागदावर पाहिले तर गेम बॉय हरायला हवा होता. त्याच १९८९ साली अटारीचे लिंक्स आले आणि पुढच्या वर्षी गेम गिअर. दोन्हींचे पडदे रंगीत, दोन्हींना आतून प्रकाश. पण त्या प्रकाशाची किंमत सेलमध्ये मोजावी लागे. लिंक्स आणि गेम गिअर यांना सहा-सहा पेन्सिल सेल लागत आणि ते चार-पाच तासांत संपत. गेम बॉय चार सेलवर पंधरा तास सहज चालायचा. अमेरिकेत लिंक्स १८० डॉलरच्या घरात, गेम गिअर १५० च्या, आणि गेम बॉय ९० डॉलरला, तोही टेट्रिससह. गेम बॉय आणि त्याचा रंगीत धाकटा भाऊ यांची मिळून विक्री पुढे ११ कोटी ८० लाखांच्या वर गेली. ज्या घरात सेल विकत आणण्याआधी जुने सेल उन्हात ठेवून आणखी एक दिवस चालतात का ते पाहिले जाते, त्या घरातल्या माणसाला या निकालाचे आश्चर्य वाटणार नाही. योकोइ पत्त्यांच्या कारखान्यातून आला होता. माझी समजूत अशी की, खेळणे शेवटी महिन्याच्या खर्चात बसावे लागते हे त्याला तिथेच कळले असावे.

आणखी एक गोष्ट त्याने केली होती. गेम बॉयच्या कडेला दुसरा गेम बॉय जोडण्यासाठी एक छोटे छिद्र होते. एका वायरने दोन यंत्रे जोडली की समोरासमोर बसून टेट्रिस खेळता येई, आणि एकाने ओळी पुसल्या की दुसऱ्याच्या तळातून विटा वर येत. आतेभावाकडे वायर होती. दुसरा गेम बॉय आमच्यापैकी कुणाकडेच नव्हता. ती वायर आम्ही हातात घेऊन पाहिली आणि परत खोक्यात ठेवली. खिशातले यंत्र माणसाला एकटे करते हे तिच्या निर्मात्याने ओळखले होते, असे मला त्या वायरीमुळे वाटत आले आहे. त्याचे आयुष्य मात्र फार उरले नव्हते. डोळ्यांना लावून पाहायचे, लाल-काळ्या चित्रांचे व्हर्च्युअल बॉय हे त्याचे यंत्र १९९५ साली सपशेल पडले. १९९६ साली त्याने निन्टेन्डो सोडली आणि ऑक्टोबर १९९७ मध्ये रस्त्यावरच्या अपघातात त्याचा मृत्यू झाला. बान्दाइ कंपनीसाठी त्याने आखलेले वंडरस्वान हे यंत्र १९९९ साली निघाले. त्याला एकच पेन्सिल सेल लागत असे. ज्याच्या पडद्यावर शेजारच्या कुणालाही काहीच दिसणार नाही असे यंत्र याच माणसाने केले आणि तेच लोकांनी नाकारले, यावर मी पुष्कळदा विचार केला आहे.

घरच्या यंत्रांची पुढची वाट सर्वांना ठाऊक आहे. निन्टेन्डोशी सीडीच्या यंत्राचा बेत १९९१ साली फिसकटल्यावर सोनीने १९९४ च्या डिसेंबरात प्लेस्टेशन काढले, २००० साली त्याची दुसरी आवृत्ती आली आणि तिची विक्री १५ कोटींच्या पुढे गेली. घरी ते घेणे आम्हांला परवडणारे नव्हते. विश्रामबागेतल्या एका गाळ्यात तासावर खेळायला मिळे, तिथे आम्ही कॉलेज सुटल्यावर जात असू. दोन जण खेळत आणि बाकावर आठ जण आपल्या पाळीची वाट पाहत; ते आठ जण गप्प बसलेले मला आठवत नाहीत. नेमका कुठला खेळाडू घ्यावा, चेंडू कुणाकडे द्यावा, यावर त्यांचा सल्ला अखंड चालू असे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ज्या गावात 'सीता स्वयंवर' उभे केले, त्या गावातले प्रेक्षक आहेत ते. खेळ कुठलाही असो, त्यात त्यांचा वाटा असतोच.

२००४ साली हातातल्या यंत्रांची पुन्हा तीच लढत झाली. सोनीचे पीएसपी देखणे, मोठ्या रुंद पडद्याचे, जवळपास घरच्या यंत्रासारखे चित्र दाखवणारे; निन्टेन्डोचे डीएस दोन छोट्या पडद्यांचे, खालच्या पडद्यावर लेखणीने रेघोट्या ओढायचे. डीएस पंधरा कोटींच्या वर गेले आणि पीएसपी आठ कोटींच्या आसपास थांबले. या लढतीत माझे मन डीएसकडे आहे.

आमचा टीव्ही गेम २०१९ च्या पुरात गेला. त्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर पोहोचली. धोक्याची पातळी ४५ फुटांची. गावभागातले आमचे घर पहिल्या मजल्यापर्यंत पाण्यात होते. चिखल काढताना कपाटाच्या खालच्या कप्प्यातून यंत्र, दोन रिमोट आणि सात कॅसेटी निघाल्या. कॅसेटी उघडून मी त्यांच्या पट्ट्या स्पिरिटने पुसून ठेवल्या आहेत. बंदुकीची नळी गाळाने भरली होती. जुना टीव्ही तर भंगारवाल्याने ओढूनच नेला, त्यामुळे बंदूक दुरुस्त करण्यात काही हशील उरले नव्हते. तरीही ती मी धुऊन ठेवली. आजी त्याआधी सहा वर्षांपूर्वीच गेली होती.

आता माझ्या भाच्याकडे निन्टेन्डोचा स्विच आहे. मार्च २०१७ मध्ये निघालेले हे यंत्र टीव्हीशेजारच्या खोबणीत ठेवले की चित्र मोठ्या पडद्यावर जाते आणि उचलले की त्याच्या स्वतःच्या सव्वासहा इंची पडद्यावर येते. खोबणीत असताना ते अधिक वेगाने काम करते, हातात घेतल्यावर बॅटरी वाचवण्यासाठी वेग कमी करते. दोन्ही कडांचे तुकडे काढले की त्यांचे दोन रिमोट होतात. उएमुराची आणि योकोइची वाट इथे येऊन मिळते, असे तांत्रिकदृष्ट्या म्हणता येईल. मला मात्र प्रश्न पडला होता तो एवढाच की, या यंत्रापाशी आजी कुठे बसली असती.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यात बहिणीची दोन्ही मुले आमच्याकडे आली होती. एका संध्याकाळी ती टीव्हीवर मोटारींची शर्यत खेळत होती आणि आई जपमाळ घेऊन सोफ्यावर बसली होती. वळवाचा पाऊस आला, वारे सुटले आणि लाइट गेली. टीव्ही काळा झाला. भाच्याने अंधारात चाचपडत स्विच खोबणीतून उचलला, मागची काडी उघडून तो पाटावर उभा केला, एक तुकडा आपल्या बहिणीच्या हातात दिला आणि दोघांची डोकी त्या उजळलेल्या वीतभर पडद्यावर एकमेकांना टेकली. शर्यत जिथे थांबली होती तिथून पुढे सुरू झाली. मी दारात मेणबत्ती पेटवत होतो. सोफ्यावरून आईचा आवाज आला, "आरं, जरा हिकडं वळव की ते. मला काय दिसंना."